वहीतला दुसरा रकाना

काटकसर हा शब्द काढला की आपल्या समाजातल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. ती पडणारच. ज्यांच्या आईबापांनी शिळ्या भाकरीवर आणि दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्यांवर दिवस काढले, त्यांना 'कमी वापरा' असे सांगायला जाणाऱ्याने दहादा विचार करावा. मागच्या वर्षावासात आमच्या नागपुरातल्या विहारात मी घरातल्या वापराची वही ठेवण्याचा विषय काढला, तेव्हा मिलमधून निवृत्त झालेले एक काकाजी उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, आमच्या मायनं मोजून मोजूनच जेवू घातलं. एका भाकरीचे चार तुकडे. आता कुठी घरात पंखा आला, फ्रीज आला, तं तू त्याचाही हिशेब मांगतं का?"

काकाजींचा प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी तोच घेतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी दारिद्र्याचे कौतुक कधीही केले नाही. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात १९५० साली त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात धर्माने कोणत्या कसोट्यांना उतरावे हे सांगताना एक कसोटी त्यांनी अशी दिली की, धर्माने गरिबीला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याजवळ आहे त्याने आपण होऊन सोडले तर ती एक वेळ चांगली गोष्ट असेल. पण ज्याच्याजवळ मुळातच नाही त्याच्या नसण्याला मोठेपणा चिकटवणे त्यांना मान्य नव्हते. यंत्र नको, शहर नको, खेड्याकडे चला, या विचारसरणीवर त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात किती कठोर टीका केली आहे, तेही वाचकांना ठाऊक आहे. आणि महाडला १९२७ च्या डिसेंबरात त्यांनी आपल्या आया-बहिणींना काय सांगितले? नीटनेटके राहा, लुगडे चारचौघींसारखे नेसा, हलकेपणाची खूण असलेले दागिने टाकून द्या. म्हणजे आपल्या चळवळीची सुरुवातच मुळी चांगले खाण्याने, चांगले नेसण्याने आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याने झालेली आहे. तेव्हा 'साधी राहणी'चा उपदेश घेऊन कुणी आपल्या वस्तीत आला, तर त्याला काकाजींनी विचारले तसेच विचारावे.

पण मोजणे आणि सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलियाची हकीगत येते. तो भगवंतांकडे येऊन सरळ सांगतो की, आम्ही संसारी माणसे आहोत, बायकामुलांत राहतो, चंदन लावतो, फुले माळतो, सोनेनाणे बाळगतो. आम्हाला झेपेल असे काही सांगा. तथागत त्याला घर सोडायला सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात: कामातली तत्परता, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि चौथी समजीविता. समजीविता म्हणजे आवक आणि जावक ओळखून बेताने जगणे, ना उधळेपणा ना चिक्कूपणा. वाण्याने तराजू धरावा आणि पारडे कुठे झुकते ते पाहावे, तसे. उधळ्या माणसाला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. अट्ठकथा तिचा अर्थ असा लावते की, खायची चार फळे, पण हा झाड गदगदा हलवून सगळी खाली पाडतो. मात्र त्याच सुत्तात चिक्कूलाही सोडलेले नाही: भरपूर असून जो अंगाला लावून घेत नाही, तो उपाशी मेल्यासारखा मरेल असे लोक म्हणतात. पुढे धन ज्या वाटांनी गळते त्या तोट्याही सांगितल्या आहेत: बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. आपल्या वस्तीत त्या चारही तोट्या कुठे कुठे चालू आहेत हे सांगायला माझी गरज नाही.

हे सगळे मला ओळखीचे वाटते, कारण माझा जन्म हिशेबातच गेला. वाणिज्य शाखेत शिकलो, कार्यालयात आवक-जावक लिहितो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांत एकच नियम: कुणाच्या नावे पडले की कुणाकडे तरी जमा झालेच पाहिजे. पण घरखर्चाच्या वहीत आपण काय लिहितो? 'वीज बिल', पुढे रुपये. 'गॅस', पुढे रुपये. रुपये गेले, विषय संपला. रुपयाच्या मोबदल्यात घरात नेमके किती आले, ते कोणाच्या वाट्याला गेले आणि उरलेसुरले कुठे जाऊन पडले, याला वहीत जागाच नाही. म्हणून आम्ही रुपयांच्या शेजारी आणखी एक रेघ मारली. त्या दुसऱ्या रकान्यात युनिट, किलो, लिटर, नग.

आपल्या बायकांना हे नवीन नाही. कॅलेंडरवर सिलेंडर लावल्याची तारीख कोण लिहिते? दुधाचा खाडा कोण मांडते? तेलाची पिशवी कितव्या तारखेला फोडली हे कोणाच्या ध्यानात असते? वही ठेवायला आम्ही वस्तीतल्या चौदा घरांना सांगितले. पहिल्या पंधरवड्यातच ध्यानात आले की, पुरुषांना शिकवावे लागत होते आणि बायका आम्हाला शिकवत होत्या.

वर्षावासाचे तीन महिने त्यासाठी बरे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असतेच, माणसे जमतात. ठरले असे की पहिला महिना कुणी काही बदलायचे नाही, नुसते लिहायचे. ज्याने वापरले त्यानेच लिहायचे. एकाने दुसऱ्याची वही तपासायची नाही, सासूने सुनेची तर नाहीच. चौदांपैकी नऊ घरांनी तीन महिने पुरे केले. तिघांनी कंटाळा केला. दोन घरी कर्त्या माणसाचे काम सुटले. येणेच बंद झाल्यावर जाणे काय म्हणून लिहायचे? त्यांना कुणी आग्रह केला नाही.

आता विजेचे. आपल्या घरातला मीटर ही फार बोलकी वस्तू आहे, पण आपण तिच्याकडे फक्त बिल जास्त आले की पाहतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले सगळे बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा आणि घड्याळ लावून लुकलुक मोजा. कोणती वस्तू किती खाते ते कळते; बाजारातून यंत्र आणायला नको. माझ्या मुलाने एक रविवार यातच घालवला. जुना छताचा पंखा मिनिटाला चार वेळा, म्हणजे ७५ वॅट. कूलर दहा-अकरा वेळा. इस्त्री पन्नासच्या वर. पाणी तापवायच्या रॉडने तर त्याची मोजदादच चुकवली, मिनिटाला ऐंशी. आणि टीव्ही बंद असताना त्याखालची डबडी, तो सेट-टॉप बॉक्स, दर दोन मिनिटांनी एकदा डोळा मारतच होता. दहा वॅट दिसायला काहीच नाहीत. पण चोवीस तास, महिनाभर, सात युनिट. कुणी काही पाहत नसताना!

पंख्याचे गणित अधिक मोठे निघाले. नागपुरात पंखा वर्षाचे आठ महिने, दिवसाला सोळा तास चालतो. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅट पुरतात. एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. पंख्याची किंमत जुन्यापेक्षा जास्त, पण दीडेक वर्षात ती निघते. बचत गटाने मिळून घेतले तर दुकानदार भावही कमी करतो, तो आम्ही करून घेतला. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात जवळपास दुपटीचा फरक आहे. म्हणजे वरची युनिटे आधी वाचतात आणि तीच सर्वांत महाग असतात. आमच्या घरी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात ३१८ युनिट पडली होती. यंदाच्या मे मध्ये २५१. दोन पंखे, सेट-टॉप बॉक्सचे बटण, ट्यूबलाइटच्या जागी एलईडी आणि फ्रीजच्या दाराचे सैल झालेले रबर. एकाही माणसाने एक तासही पंख्याशिवाय काढला नाही.

उलट एक पंखा वाढला, आणि मला वाटते की या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. वहीत आम्ही खोल्यांप्रमाणे तास लिहीत होतो. बैठकीच्या खोलीतला पंखा सतरा तास. आतल्या खोलीतला नऊ तास. स्वयंपाकघरापुढे रेघ. माझ्या पत्नीने त्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "इथं साडेतीन तास मी असतो. लिहा." नऊ घरांपैकी सहा घरांत हीच रेघ होती. ज्या खोलीत चूल, वाफ आणि धूर, तिथे ना पंखा ना झरोका. आता आमच्याकडे धूर बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला आहे. तो वापर वाढला, आणि वाढायलाच हवा होता. समजीवितेचा तराजू आहे तो. एका पारड्यातून नुसते काढत राहायचे असे कुठे लिहिले आहे?

अन्नाच्या बाबतीतही तसेच झाले. वहीत 'वाया गेलेले अन्न' असा रकाना होता आणि घरोघर पुरुषांनी मोठ्या अभिमानाने त्यात शून्य भरले होते. रविवारच्या बैठकीत एक उपासिका उठली. घरकाम करते, चार घरची भांडी घासते. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही काहीच वाया गेलं नाही म्हणून लिहिलं. ते काहीच नाही रोज रात्री मीच खातो नं." विहारात आधी हसू उमटले, मग कुणी हसले नाही. उरलेली पोळी, खालची खरवड, सकाळचे वरण यांचा शेवटचा मानकरी घरातली बाई. अन्न वाया जात नाही ते तिच्या पोटामुळे, आणि ताजे डाळ-भाजीचे वाटप करताना ती शेवटी. पुढच्या आठवड्यापासून त्या रकान्याचे नाव बदलले: 'उरलेले कोणी खाल्ले'. कणीक मळण्याआधी रात्री कोण जेवणार आहे ते विचारायचे, आणि शिळे उरलेच तर फोडणी देऊन सकाळी सगळ्यांच्या ताटात पडेल. हे नियम बायकांनी केले. कणकेची पिशवी आमच्याकडे आता चार-पाच दिवस जास्त पुरते.

गॅसची गोष्ट थोडक्यात. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवणे, कुकरमध्ये तीन डबे एकदम, पातेल्यावर झाकण, आणि रात्री सगळ्यांनी एकत्र जेवणे, म्हणजे तीनदा गरम करावे लागत नाही. १४.२ किलोचा सिलेंडर आधी ३८ दिवस जायचा, आता ४५-४६. एकत्र जेवण्याचा फायदा गॅसपुरताच नाही, पण तो वहीत लिहिता येत नाही.

एक कानगोष्ट इथेच सांगून टाकतो. वापर मोजण्याचा विषय निघाला की कुणीतरी हळूच मांसाहारावर येते. आमच्याकडेही आले. मी स्पष्ट सांगितले की, आठवड्याला अर्धा-एक किलो कोंबडी पाच माणसांत खाणाऱ्या घराला पृथ्वीचा भार समजण्याचे कारण नाही. पोरांच्या अंगाला प्रथिने लागतात. मोजमापाच्या आडून सोवळे-ओवळे घरात शिरू लागले तर वही मिटवून ठेवावी.

पाण्याबद्दल आपण बोलायचे नाही तर कोणी? २० मार्च १९२७ ची तारीख आपल्या घराघरात माहीत आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना, पाणी आणि विजेसाठी केंद्रीय मंडळे यांचा पाया घातला, हे मात्र आपल्या भाषणांत कमी येते. ज्यांनी पाण्याचा हक्क मिळवून दिला त्यांनीच पाण्याचे नियोजन केले. नागपूरला पाणी पेंच प्रकल्पातून येते. शहरात माणशी १३५ लिटर धरण्याची सरकारी रीत आहे. खेड्यांतल्या नळयोजनेत ५५ लिटर. आमच्या नऊ घरांत कमीत कमी ६२ आणि जास्तीत जास्त १४० लिटर भरले. ६२ वाल्यांच्या नळाला पाणी पुरेसे येतच नव्हते. त्यांच्यासाठी वही हा काटकसरीचा नव्हे, अर्जाचा कागद झाला. तारीखवार किती बादल्या भरल्या याची दोन महिन्यांची नोंद अर्जाला जोडली, आणि नुसत्या 'पाणी येत नाही' या तक्रारीपेक्षा तिला वजन आले. वॉर्डातल्या कार्यालयाने माणूस पाठवला, आतली जोडणी बदलून दिली.

आमच्याकडे न्हाणीतला नळ गळत होता, सेकंदाला एक थेंब. रात्री दहाला खाली बादली ठेवली, सकाळी सहाला मापली: साडेपाच लिटर. दिवसाचे सोळा. वायसर दहा रुपयांचा. पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र आता मजुरांच्या घरातही आले आहे. ते एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-सव्वादोन लिटर बाहेर टाकते. ते पाणी आता फरशी पुसायला आणि कूलरच्या बाहेर धुणीभांड्यांना जाते. कूलरमध्ये मात्र ते घालू नये, क्षार जाळीवर बसतात.

आता तिसरी गोष्ट, जी रुपयांच्याही रकान्यात येत नाही आणि युनिटच्याही: हे सगळे जाते कुठे?

नागपूरकरांना लांब जायला नको. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात. कोळशाच्या एका युनिट विजेला अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. म्हणजे युनिटमागे दोनशे ग्रॅम धरा. ती राख पाण्यातून नेऊन मोठ्या तळ्यांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या बांधाला भगदाड पडले आणि राखेचा चिखल आजूबाजूच्या शेतांत-नाल्यांत पसरला. त्या गावांतल्या माणसांनी किती युनिटे वापरली होती? आमच्या घरची मे महिन्यातली ६७ युनिटे कमी झाली, त्यांचा कोळशाच्या हिशेबाने बारा-पंधरा किलो राखेचा भार होतो. आमच्या वहीत ती कुठेच नव्हती. दुसऱ्याच्या शेताच्या नावे पडत होती. पूर्वेला भांडेवाडी. शहराचा कचरा तिथे जातो, उन्हाळ्यात पेटतो, धूर वस्त्यांवर येतो. तिथे पोती घेऊन फिरणाऱ्या बायका कोणत्या समाजाच्या आहेत हे मी वेगळे सांगत नाही. ओला आणि सुका कचरा एकत्र करून दिला की तो कुणाच्या हाताने वेगळा होतो, एवढेच ध्यानात घ्यावे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचक बायकांनी आपले काम हे काम आहे, दया नव्हे, हे पालिकेकडून मान्य करून घेतले. आपण निदान काचेचा तुकडा कागदात गुंडाळून, वर लिहून द्यावा.

हे शेजारधर्मापुरते झाले. पण मोठा हिशेबही सांगायला हवा, नाहीतर काकाजींवर अन्याय होईल. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे, अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास. आणि आपले दोन टन हीसुद्धा सरासरीच. त्यात गाड्या-बंगलेवाले आणि झोपडीवाले एकत्र. आमच्या नऊ घरांचा वापर त्या सरासरीच्या पुष्कळ खालीच भरणार. पृथ्वी आपल्यामुळे तापलेली नाही. पण पत्र्याच्या छपराखाली नवतपा आपणच काढतो, उन्हात बांधकामावर, रस्त्यावर, नालीत आपलीच माणसे असतात. म्हणून वही ठेवताना मनात अपराध बाळगण्याचे कारण नाही. ती आपल्या हातातले शस्त्र आहे. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपली नोंद चोख हवी, हे प्रत्येक कारकुनाला कळते.

कपड्यांविषयी लिहिताना विनयपिटकातली एक हकीगत आठवते. राजा उदयनाच्या राणीवशाने स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला राग आला: एवढ्यांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटीन. जुन्या चीवरांचे? अंथरुणावरची पांघरुणे. त्या जुन्या पांघरुणांचे? गादीची खोळ. मग खोळीची जमिनीवरची अंथरी, अंथरीचे पायपुसणे, पायपुसण्याचे झाडण, आणि झाडणाच्या चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन सारवायची. राजा निरुत्तर झाला, आणि आणखी पाचशे वस्त्रे देऊन गेला. ही गोष्ट मी विहारात सांगितली तेव्हा माझी आई म्हणाली, "म्हणजे वाकळच नं." अगदी बरोबर. तिच्या लुगड्याची वाकळ झाली, वाकळीचे बाळोते झाले, बाळोत्याचे पोतेरे झाले. मात्र तिने ते नाइलाजाने केले आणि आनंदांनी समजून. नाइलाज संपला तशी ती रीत आपण टाकून दिली. आता चार घरांतल्या बायकांनी दुपारी वाकळी शिवायला घेतल्या आहेत. विकतही जातात. पॉलिस्टरच्या साड्यांची वाकळ मात्र उन्हाळ्यात अंगाला चिकटते, सुतीच घ्यावी.

घरातल्यापेक्षा सार्वजनिक कामात आपण जास्त सैल आहोत, हे सांगितलेच पाहिजे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पुस्तकांची पोती भरून नेतात, त्याचा अभिमान वाटतो. रस्त्यारस्त्यांवर भोजनदान असते, त्याचाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो रस्ता पाहिलेला माणूस पत्रावळी, द्रोण आणि प्लास्टिकचे पेले विसरणार नाही. ते उचलायला खाली वाकणारे सफाई कामगार आपल्याच पंचशील ध्वजाखालचे असतात. मागच्या वर्षी आमच्या विहाराने तीनशे स्टीलची ताटे भाड्याने आणली. तीन टबांची रांग: एकात खरकटे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. जेवणाऱ्याने आपले ताट स्वतः धुवायचे. पाहुणे कुरकुरतील अशी धास्ती होती. पण साहेबांच्या गाडीतून उतरलेलेही हात बुडवून ताट धुताना दिसले. ताटे तेवीस कमी भरली, त्याचे पैसे द्यावे लागले. यंदा ताटामागे खूण रंगवणार आहोत.

जयंतीच्या फ्लेक्सवर मात्र अजून एकमत नाही. तरुण मंडळी म्हणतात, फोटो नको तर वर्गणी कोण देईल? कापडी फलकावर नुसती नावे रंगवून घ्यावीत आणि कापड पुढच्या वर्षी पुन्हा वापरावे, असा एक मतप्रवाह आहे. उतरवलेले फ्लेक्स पावसाळ्यात छपरावर टाकायला लोक नेतात, तेव्हा ते अगदी वाया जातात असेही नाही. बैठका चालू आहेत.

आणि घरात एक प्रश्न शिल्लक आहे. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाची रोगी. यंदाच्या नवतप्यात कूलर लावूनही तिला दोनदा चक्कर आली. तिच्या खोलीत एसी घ्यावा असे मुलगी म्हणते, आणि ती नुसती म्हणत नाही, वहीच्या मागच्या पानावर तिने मांडून ठेवले आहे: एक टनाचा, पाच तारे असलेला, रात्री सहा तास, दिवसाला साडेचार युनिट, दोन महिन्यांत २७०. म्हणजे पंख्यांनी वाचवलेले सगळे गेले आणि टप्पाही ओलांडला. मुलगा म्हणतो, आधी छपराला चुन्याचे दोन हात द्या. माझे मत विचाराल तर म्हातारीच्या जिवापुढे टप्पा पाहू नये. पण चुनाही द्यावा, कारण पांढऱ्या छपराखाली खोली निवते आणि एसीला कमी राबावे लागते. फाल्गुनात चुना देऊन पंधरा दिवस खोलीत भिंतीवरचा उष्णतामापक टांगायचा आणि मग बाजारात जायचे, असे ठरले आहे. आईला हे सांगितले तर म्हणाली, "चुना मीच कालवून देतो. तुमच्याच्यानं पातळ होते."